तळवेबाबा आणि कानाचा चिमटा

मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर नातेवाइकांची झुंबड उडाली होती. एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून सगळे आतला एकच आकडा बघत होते. न्यूमोनियाने बेजार झालेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावलेला होता, आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या पडद्यावर चौऱ्याऐंशी उमटले होते. तळवेबाबांनी शालीतून हात बाहेर काढले, तिचे पाऊल ओंजळीत धरले आणि डोळे मिटले. शहाऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव. काचेबाहेर पटापट हात जोडले गेले.

"मी काहीच करत नाही," बाबा नम्रपणे म्हणाले. "आजार तळव्यातून ओघळतो, मी फक्त झेलतो."

झेललेला आजार बाबा पुढे कुठे टाकत, हे कुणी विचारले नाही. दक्षिणा मात्र ते स्वतःच झेलत.

बाबांना घेऊन आला होता मुलीचा मामा. त्याने भावजींचे कान भरले आणि मुलीचे वडील डॉक्टरीणबाईंपुढे येऊन उभे राहिले.

"मॅडम, नाकातली ऑक्सिजनची नळी काढा. आम्ही तिला बाबांच्या घरी नेतो."

"नळी काढलीत तर ती वाटेतच जाईल."

"आकडा चढताना तुम्हीही पाहिलात ना?"

पाहिला होता, तीच तर बाईंची पंचाईत होती. "माझी बैठक होईपर्यंत थांबा," एवढेच त्या म्हणाल्या.

गंभीर आजारी मुलांना ऑक्सिजन नेमका किती द्यावा, याचा शोध पाच रुग्णालये मिळून घेत होती. एकट्यादुकट्या रुग्णालयात इतकी मुले नसतात की छातीठोकपणे काही सांगावे, म्हणून सगळ्यांनी सारखेच मोजायचे आणि एकत्र बसून बघायचे. उरलेल्या चार रुग्णालयांतल्या डॉक्टरांचे चेहरे संगणकावर आले तेव्हा बाईंनी जरा ओशाळतच बाबांची गोष्ट सांगितली. कुणी हसले नाही.

"शालवाले? हात सतत शालीत?" एका वयस्क डॉक्टरांनी विचारले. "आमच्याकडेही येऊन गेले. एका मुलाला घरच्यांनी उचलून नेलं. परत आणलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं."

"पण पाय गार असेल तर अंगठ्यावर भरवसा नाही, कानाला लावून बघायचं, हे आपण सगळ्यांनी ठरवलं होतं ना?" दुसऱ्या एक डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे पाळत नाहीत का?"

बाईंनी जीभ चावली. त्यांच्या विभागातला एसी म्हणजे बर्फाचा कारखाना, आणि ठरलेला नियम ठरवण्यापुरताच.

त्या तडक मुलीजवळ गेल्या, वडील, मामा आणि बाबांना आत बोलावले आणि तिच्या कानाला दुसरा चिमटा लावला. पाय पुन्हा गारठला होता. अंगठा म्हणाला, चौऱ्याऐंशी. कान म्हणाला, सत्त्याण्णव.

"मुलगी एक, रक्त एक. मग आकडे दोन कसे?" बाईंनी विचारले. "बाबा, धरा पाऊल."

बाबांनी धरले. अंगठ्याचा आकडा चढला, कानाचा जागचा हलला नाही.

"आता गार पाण्याने हात धुऊन धरा."

"पाण्याने शक्ती उतरते."

"आजार झेलता आणि पाण्याला घाबरता?"

बाबांना अचानक दुसरीकडचा आजार आठवला. लगबगीने वळताना शालीतून रबराची गरम पाण्याची पिशवी धप्पकन खाली पडली. वडिलांनी ती उचलली. चांगलीच गरम होती.

"गार पायात रक्त कमी फिरतं," बाई म्हणाल्या. "मग यंत्राला नाडी नीट सापडत नाही आणि ते चुकीचा आकडा दाखवतं. ऊब मिळाली की खरा दाखवतं. बाबांनी फक्त पाय शेकला."

"मग सत्त्याण्णव कुणामुळे?" मामा पुटपुटला.

"जी नळी काढायला निघाला होतात, तिच्यामुळे. दुसऱ्या एका रुग्णालयातून याच बाबांच्या नादाने एका मुलाला घरी नेलं होतं, ते वाचलं नाही."

वडील पिशवी बाजूला ठेवून लेकीजवळ बसले. त्यांनी विचारले, "त्या दुसऱ्या मुलाच्या घरच्यांना हे कुणी सांगितलं नाही?"

"तेव्हा तिथले डॉक्टर एकटेच होते. आम्हा पाच रुग्णालयांनी तोवर एकमेकांना विचारलंच नव्हतं, आज विचारलं."

बाबा तोवर जिन्यापर्यंत पोचले होते. वडिलांनी तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि लेकीचे पाऊल धरले. अंगठ्याचा आकडा चढू लागला. काचेबाहेर नुकत्याच आलेल्या एका बाईने हात जोडले. तसे वडील उठून दाराशी गेले.

"जोडू नका," ते म्हणाले. "आधी विचारा. एकाला विचारून भागलं नाही, तर पाच जणांना विचारा. माझी पोरगी विचारल्यामुळे वाचली."