पाटीसाठी तोडलेली संख्या

बेजाया शहरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत दहबियाबाई गणित शिकवायच्या, मी भूगोल. त्या वर्षी त्यांच्या मुलींनी अंगणातल्या भिंतीवर एक अवाढव्य मूळ संख्या बसवली. एका फरशीवर एक आकडा, असे एकोणचाळीस. फरश्या मुलींनीच रंगवल्या, कुंभाराकडून भाजून आणल्या.

एकशे सत्तावीस वेळा दोन घेऊन एकमेकांत गुणायचे आणि त्यातून एक वजा करायचा, की ही संख्या येते. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. एकशे सत्तावीसही मूळ संख्याच, आणि तीही सात वेळा दोन घेऊन गुणले, एक वजा केला की निघते. तसेच सात निघते तीन वेळा दोन घेऊन, आणि तीन निघते दोन वेळा दोन घेऊन. मुली ही साखळी गाण्यासारखी म्हणत हिंडायच्या.

उद्घाटनाला प्रांताचे मोठे साहेब येणार होते. आदल्या सकाळी दहबियाबाई अंगणात आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "सी मोक्रान! शेवटच्या तीन फरश्या कुठायत?"

सी मोक्रान आमचे मुख्याध्यापक. "अहो, पाटीला जागा नको? साहेबांचं नाव काय जिन्याखाली लावू?"

"म्हणून संख्या तोडलीत?"

"तीनच तर गेल्या. छत्तीस आहेत की! मोजतंय कोण?"

"मोजायचं कशाला? शेवटी आता पाच आलाय, पाच! तिसरीतली पोरगीसुद्धा सांगेल, हिला पाचाने भाग जातो. ही मूळ संख्याच राहिली नाही!"

"मोठी आहे ना? मग झालं. आणि उद्या जरा तोंड आवरा, बाई."

मुली बाईंच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्याच अंगाची लाही झाली, त्यांचं काय झालं असेल!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फीत कापली, खजूर भरलेला गोड मक्रूट तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा, काय सुंदर मूळ संख्या!"

"नाही साहेब," दहबियाबाई म्हणाल्या. "कालपर्यंत होती. तुमच्या पाटीसाठी तिचं शेपूट छाटलं."

साहेब खदखदून हसले. "बाई, गणितात मी पहिल्यापासून ढ!"

सगळे हसले. टाळ्यासुद्धा पडल्या! ढ असल्याची त्या माणसाला लाज नव्हती, नावाला मात्र भिंत हवी होती.

पाहुणे गेल्यावर बाईंनी गवंड्याची छिन्नी मागून आणली. मी शिडी धरली. सी मोक्रान धावत आले. "अहो, वेड लागलं का? शाळेची मालमत्ता आहे ती!"

"मालमत्ता काल कोणी फोडली?" बाईंनी हात थांबवला नाही. "खोटं शिकवणारी भिंत माझ्या मुलींना नको. लावायची तर अख्खी लावा, नाहीतर कोरी राहू दे."

मुली खाली रांगेने उभ्या राहून एकेक फरशी झेलत होत्या. संध्याकाळपर्यंत भिंत मोकळी झाली.

पुढच्याच महिन्यात बाईंची बदली डोंगरातल्या शाळेत झाली. फरश्या त्या टेम्पोत घालून घेऊन गेल्या. हरवलेले तीन आकडे तिथल्या मुलींनी नव्याने रंगवले. आमच्याकडे त्या भिंतीवर अजून ती पाटी एकटीच लटकते आहे, आणि तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही.