काठी सरळ होती

मित्रांनो, मी रीळ भरून चालणारा एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावरचे रबर आता चिकट झाले आहे. मला हातात घेणारा माणूस नंतर हळूच आपला हात विजारीला पुसतो. मला त्याचा राग येत नाही. एके काळी मला उचलायचे तर कोपरापर्यंत हात धुवावे लागत, आणि तो नियम करणारी बाई अजूनही माझी मालकीण आहे. एवढे सुख मला पुरते.

माझा जन्म जपानमधला. पांढरे अंगरखे घातलेल्या माणसांनी मला श्वास रोखून जोडले. त्या काळी आमच्या जातीचा तोरा काही औरच होता. साध्या कॅमेऱ्यांचा फोकस हाताने फिरवून जुळवावा लागे. काही कॅमेरे तो आपोआप जुळवत, पण चौकटीतल्या नेमक्या कोणावर जुळवायचा, हे त्यांना कळत नसे. मला कळे. मी ज्याच्या डोळ्याला लागे, त्याच्या बुबुळावर माझ्यातला एक अदृश्य उजेड पडे, आणि तो माणूस चौकटीत जिथे पाही तिथे मी भिंग जुळवी. मालकाने नुसते बघायचे, बाकीचे माझ्याकडे.

नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या, कालव्याकाठच्या एका गावात मला निन्केने आणले. गावच्या साप्ताहिकासाठी फोटो काढणे हे तिचे काम. माझ्यासाठी तिने आपली लाडकी मोटारसायकल विकली. तिचा नवरा दौवे गावचा बेकरीवाला. तो म्हणाला, "छान केलंस. आता शहरात जायचं तर कॅमेऱ्यावर बसून जा. आणि मागे मला जागा ठेव."

पहिल्याच संध्याकाळी निन्केने मला तिचा डोळा शिकवला. माझ्या चौकटीत एका बाजूचा ठिपका लुकलुके, त्याच्याकडे बघत तिने बटण दाबायचे. मग दुसऱ्या बाजूचा. हे तिने उन्हात केले, सावलीत केले, पाऊस असताना खिडकीपाशी बसून केले. मी तिची नजर पाठ केली. माझ्या स्मरणात आणखी काही डोळ्यांना जागा आहे. त्यातली एक दौवेने बळकावली. "मलाही ओळखून ठेव रे बाबा," तो माझ्यात डोकावत म्हणाला, "ही कधी ओळख विसरली तर तू साक्ष द्यायला असशील." त्याच्या भुवईवरचे पीठ माझ्या काचेवर पडले आणि निन्केने आम्हा दोघांना वेगळे केले. हात धुण्याचा नियम तेव्हाचा.

आमच्या गावाला वेड एकाच खेळाचे. कालव्यात घरापेक्षा उंच अशी काठी उभी करतात. खेळाडू फळीवरून धावत येतो, काठीला झोंबतो, ती पलीकडे कलू लागते तसा भराभर वर चढतो आणि शेंड्याजवळून समोरच्या वाळूत झेप घेतो. चढताना चुकला की धप्पकन पाण्यात! लोक अशालाच जास्त टाळ्या देतात. हेसेल नावाचा एक सुतार आमच्या गावाचा वाघ होता. तो काठी सोडे त्या क्षणी निन्के त्याच्या बोटांकडे बघे, आणि मी ती बोटे जशीच्या तशी टिपी. ते फोटो बेकरीत पावांच्या वर लागले, कॉफीच्या दुकानात लागले, हेसेलच्या आईने तर एक न्हाणीघरातही लावला. खोटे कशाला बोलू, मी फुगलो होतो. पण आज त्या वर्षांची आठवण आली की गर्वापेक्षा आभारच जास्त वाटतात. इतके कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मग एका उन्हाळ्यात फोटो बिघडू लागले. रीळ धुवून आले की त्यात कालव्याकाठचे बोरूचे उंच गवत स्वच्छ, पाते न् पाते मोजून घ्या, आणि हेसेल धुक्यात. निन्केने माझी काच पुसली, बॅटऱ्या बदलल्या, मला पुन्हा डोळा शिकवायला बसली. मित्रांनो, खरे सांगतो, मला तिचा डोळा समजेना. ठिपका एकीकडे लुकलुके आणि तिची नजर त्याच्या शेजारी जाऊन बसे. मैदानावरही तेच. ती म्हणे हेसेलकडे बघते आहे, पण तिचे बुबुळ बोरूंकडे वळलेले असे. मी आज्ञाधारक, तिकडेच भिंग जुळवी. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

हेसेल भेटला की चिडवायचा, "काय निन्के, या आठवड्यात छापलंस तो मी की माझं भूत?"

एका शनिवारी तिने मला डोळ्याला लावले आणि एकदम खाली घेतले. हेसेल धावायच्या तयारीत होता. ती फळीवर जाऊन ओरडली, "थांब! चढू नकोस! काठी मधोमध वाकलीय!"

आमच्या गावात ही गोष्ट कोणी गमतीने बोलत नाही. वाकडी काठी मोडली तर माणसाचा पाय जातो. स्पर्धा थांबली. चौघांनी काठी पाण्यातून काढून गवतावर आडवी ठेवली. पंच पोटावर झोपून एक डोळा मिटून बघू लागले. काठी बाणासारखी सरळ होती. निन्केनेही वाकून बघितली. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितले तेव्हा तिलाही ती सरळच दिसली.

हेसेल हसत म्हणाला, "काठी ठीक आहे ग बाई. तुझा कॅमेराच वाकडा झालाय, त्याला पेन्शन दे."

लोक हसले. ती तांबडीलाल झाली. घरी येऊन तिने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर आपटले. हो, आपटले. "पुढच्या शनिवारी याला शहरातल्या दुकानात देऊन टाकते," ती म्हणाली. "रिळाशिवाय चालणारा नवा घेते. साऱ्या गावासमोर तोंडघशी पाडलं यानं मला."

दौवे कणीक मळत होता. "नाचता येईना आणि अंगण वाकडं, असं नाही ना ग?"

"मग तूच नाच! घे, तू काढ फोटो आणि बघ!"

दौवेने कोपरापर्यंत हात धुतले. माझ्या स्मरणातली आपली जागा शोधली आणि दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी अख्खे रीळ संपवले. ते धुवून आले तेव्हा दोघे टेबलाशी बसले. दौवेच्या फोटोत बहुतेकांची डोकी चौकटीबाहेर गेली होती. पण हेसेलच्या बुटाची नाडी, तिची गाठ, गाठीवरचा चिखल, सगळे लखलखीत होते.

"वा!" दौवे म्हणाला. "डोकं उडवलं, पण बूट बघ! तुझा वाकडा कॅमेरा माझ्याकडं आला की सरळ..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने आपला तळहात निन्केच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"खिडकीची चौकट कशी दिसतेय?"

"काय पोरखेळ आहे हा?"

"सांग तर."

तिने मान इकडेतिकडे वळवून पाहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "मधेच वाकलीय. आणि मधला भाग... नाहीच आहे, दौवे."

एरवी ज्याच्या जिभेला हाड नाही, तो माणूस त्या दिवशी एवढेच म्हणाला, "कोट घाल."

तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला, अगदी मधोमध, बारीकसे छिद्र पडले होते. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याची उणीव झाकत होता. माझ्यात बघताना मात्र ती डावा मिटत असे, म्हणून खोट फक्त माझ्यापाशी उघडी पडली. छिद्राच्या बाजूने वळून बघायची सवय तिला नकळत लागली होती. डॉक्टरांनी सांगितले, अजून वेळ गेलेली नाही. पण हिवाळ्यापर्यंत दोघे थांबले असते तर डॉक्टरांनाही काही करता आले नसते.

शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यात भरलेला वायूचा बुडबुडा छिद्रापाशी टिकावा म्हणून, तिला दिवसचे दिवस मान खाली घालून बसावे लागले. डोळा वाचणार का, हे कोणालाच माहीत नव्हते. ती मला मांडीवर घेऊन बसे आणि आंधळ्यासारखी माझी बटणे चाचपे. एकच बटण ती पुन्हा पुन्हा दाबून बघे. मी खूप वर्षे तिची भीड न बाळगता तिच्या डोळ्यात बघितले होते, पण ती घाबरलेली मला तेव्हाच कळली. दौवे शेजारी बसून साप्ताहिक वाचून दाखवी. फोटो त्याचेच असत, डोकी छाटलेली. गावाने त्याला खाटीक म्हणायला सुरुवात केली होती. "बेकरीवाल्याची बढती झाली," तो म्हणे. मग ती जमिनीकडे बघत हसे, आणि कधी हसता हसता रडे.

डोळा वाचला. अगदी पहिल्यासारखा नाही, पण रेषा पुन्हा सरळ झाल्या. दुकानात द्यायचा विषय कोणी काढला नाही. निन्केने मात्र माझ्यात बघायला आता डावा डोळा धरला आहे. या वयात मी नवा डोळा शिकलो! शिकताना चुकलो, तिने धीर धरला. डाव्या डोळ्याने बघताना तिचे नाक माझ्या पाठीवर दाबले जाते आणि तिथे डाग पडतो. इतक्या वर्षांत ती माझ्या इतकी जवळ कधी आली नव्हती.

मित्रांनो, हल्ली वर्षाला एखादेच रीळ माझ्या पोटात पडते. बाकी वेळ मी कपाटात असतो आणि तुमच्यासारख्यांशी बोलतो. माझी एवढी एकच विनंती ऐका. घरातली जुनी वस्तू चुकू लागली तर तिला लगेच भंगारात काढू नका. ती कोणाच्या हातात चुकते आणि कोणाच्या हातात चुकत नाही, हे आधी बघा. आणि तुमच्या घरातले कोणी म्हणू लागले की चष्मा बिघडलाय, दिवा मंद आहे, छपाई वाकडी आहे, तर त्यांना हसू नका. त्यांचा एक डोळा तळहाताने झाका आणि खिडकीची चौकट कशी दिसते ते विचारा. मग दुसरा झाका. चौकट वाकडी दिसली तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या. त्यांना ते एकट्याने सहसा कळत नाही. हात शेजारच्या माणसाचाच लागतो.