ब्रेकचा तांबडा दिवा

राजूर मागं पडलं आणि गाडीच्या काट्यांखाली ब्रेकचा तांबडा दिवा लागला. कल्याणने आधी हँडब्रेककडे हात नेला. तो खालीच होता. तरी त्याने एकदा ओढून परत सोडला. हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिला असावा, एवढंच निघावं अशी त्याची फार इच्छा होती. दिवा तसाच जळत राहिला.

मागच्या सीटवर त्याची आई, गोजरबाई, दोन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा भोकरदनहून जालन्याला डायलिसिस. शनिवारची पाळी तापामुळे चुकली आणि आज मंगळवार उजाडला. पाय सुजून टम्म झाले होते, छातीत घरघर वाजत होती. सकाळी डायलिसिसची नर्स शबनम फोनवर म्हणाली होती, "दहाच्या आत आणा त्यांना, उशीर नका करू."

नऊ वाजून गेले होते.

कल्याण हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. एकवीस वर्षांच्या त्या गाडीतलं त्याला चालवण्यापलीकडे काही कळत नव्हतं. त्याने कडेला थांबून जालन्यात मस्तगडला गॅरेज असलेल्या जहांगीरभाईला फोन लावला. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्याच्याच हातची.

"बॉनेट उघडा," जहांगीर म्हणाला. "ड्रायव्हरच्या बाजूला पांढरी डबी हाय बघा. ब्रेक ऑइल कुठवर हाय?"

"खालच्या रेघेच्याबी खाली."

"आता खरं सांगा, भाऊ. ह्याआधी लागल्ता का दिवा?"

"दोनदा. पंधरा दिवसांत. मी बाटली आणून भरलं, दिवा गेला. मला वाटलं, मिटलं."

"ब्रेकचं तेल पेट्रोलसारखं जळत न्हाई, भाऊ. पॅड झिजले तर उतरतं, पण त्याला महिनोन्महिने लागतात. तुमचं बाहेर चाललंय. चारी चाकांच्या आतून हात फिरवा."

कल्याण धुळीत आडवा झाला. पुढची दोन्ही चाकं कोरडी. मागचं उजवंही कोरडं. डाव्या चाकाच्या आत हात घातला आणि बोटं तेलकट ओली बाहेर आली. टायरच्या आतल्या अंगावर तेलात भिजलेल्या धुळीचा काळा ओघळ उतरला होता.

"डावं, मागचं," तो म्हणाला.

"चाकातलं सिलिंडर गळून राह्यलंय. गाडी बिलकुल हलवू नका. मी मोटारसायकलवर निघालोच."

"तुम्हाला पाऊण तास लागंल. माझ्या मायला दम लागून राह्यला, जहांगीरभाई."

"दुसरी गाडी बघा. पण ही हलवू नका."

त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. जवळची गाडी एका अपघातावर गेली होती. मग तो रस्त्यावर उभा राहून हात करू लागला. एक जीप गेली, एक मोटार जरा हळू झाली आणि पुढे निघून गेली. त्याने मागे वळून पाहिलं. आईचे ओठ काळसर पडले होते, आणि ती तोंड उघडून एकेक श्वास ओढत होती.

तो गाडीत बसला. पेडल चार वेळा दाबलं, तेव्हा अर्ध्यावर अडलं. 'दुसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही,' त्याने मनाशी ठरवलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

एक किलोमीटर झाला असेल. वळणापाशी उतार लागला. समोर एका सायकलवर दोन शाळकरी पोरी डुलत चालल्या होत्या. कल्याणने पेडल दाबलं. पाय सरळ तळाला जाऊन टेकला. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. त्याने हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी फरफटत आडवी झाली आणि कडेच्या मातीत जाऊन रुतली. पोरी हसत पुढे निघून गेल्या. त्यांना काही कळलंही नव्हतं.

कल्याणचे हात हँडब्रेकवरून सुटेनात.

"पोरी... वाचल्या का?" मागून आईने विचारलं.

"वाचल्या."

"मंग उतरव मला. ह्या गाडीत... म्या न्हाई बसत आता."

"माय, कशात नेऊ तुला? सांग ना, कशात नेऊ?"

त्याने तिला उचलून कडेच्या दगडावर उशीसकट बसवलं आणि तोंडावर हात घेऊन तिथेच रडला. एवढ्यात भोकरदनकडून जालन्याची एसटी येताना दिसली. तो उठला आणि हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. बस करकचून थांबली. ड्रायव्हर ओरडला. दारातून कंडक्टर बाई खाली उतरली. छातीवरच्या बिल्ल्यावर राजनंदिनी असं नाव होतं. काय झालं हे तिने विचारलंसुद्धा नाही. गोजरबाईकडे एकदा पाहिलं आणि बसकडे वळून म्हणाली, "पुढची सीट मोकळी करा. जल्दी!" मग कल्याणला, "पाय तुम्ही धरा."

बस कुठल्याच थांब्यावर थांबली नाही. एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही. ड्रायव्हरने ती थेट दवाखान्याच्या फाटकात नेऊन लावली. तरी पावणेअकरा झाले होते, आणि आईची शुद्ध हरपली होती.

शबनमने स्ट्रेचर आत घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "फुप्फुसात पाणी भरलंय. दोन तास तरी काही सांगता येत नाही." कल्याण बाकावर बसून राहिला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.

बाराच्या सुमारास जहांगीरचा फोन आला. "चाकाचा ड्रम उघडला, भाऊ. आत नुसतं तेल हाय. सिलिंडरचं रबर कधीचं फाटलंय. पहिल्यांदा दिवा लागला तवाच आणली असती..."

"बोला ना. बराबर हाय तुमचं."

"माय कशी हाय?"

"आत हाय."

"मी येतो तिकडं."

दीड वाजता दार उघडलं. शबनम म्हणाली, "शुद्धीवर आल्यात. श्वास जरा बरा आहे. पण पाणी मागतात, आणि फुप्फुसातलं पाणी वाढेल म्हणून मला देता येत नाही. तुम्ही समजवा त्यांना."

कल्याण आत गेला. गोजरबाईने त्याच्याकडे पाहिलं. "एक घोट दे रं, बाबा."

"न्हाई, माय. आज न्हाई."

त्याने शबनमकडून ओला कापूस घेतला आणि आईच्या सुकलेल्या ओठांवरून हलकेच फिरवला.