चिकटलेला पापुद्रा

तिने केसाहून बारीक काचेची नळी दुधाच्या प्रथिनाच्या पाण्यात बुडवली आणि थांबली. काचेवर प्रथिनाचा थर बसेपर्यंत थांबावंच लागे. नाहीतर काच पापुद्र्याला धरून ठेवते आणि मऊ पापुद्राही दणकट भासतो.

पाण्यात सोडलेले स्निग्ध कण आपले आपण जमून पोकळ फुग्याचा आकार धरतात. त्या फुग्याचा पापुद्रा नळीने हलकेच आत ओढायचा आणि तो किती दणकट आहे ते स्क्रीनवर मोजायचं, हे तिचं काम. तिचा आकडा दर खेपेला दादाच्या निम्मा यायचा. दादा म्हणजे प्रयोगशाळेतला थोरला, सरांचा लाडका. त्याच्या आकड्यावर सरांचं नाव झालं होतं आणि तिचा प्रबंध अडून बसला होता. तुझा हात कच्चा, हे ऐकून तिचे कान किटले होते. घरी सासूबाईही विचारत, एक फुगा ओढायला किती वर्षं लागतात गं? त्या निदान हसून तरी विचारत.

आज दादा खास हात दाखवायला आला होता. सरांनी तिला खुर्चीवरून उठवलं, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती उठली.

दादाने कोरी नळी बसवली आणि थेट फुग्याला लावली. प्रथिनाच्या पाण्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आकडा आला, तिच्या दुप्पट.

"बघितलंस? असा हात लागतो," सर म्हणाले.

"आता सोडून दाखव ना, दादा."

दादाने ओढ कमी केली. नळीत शिरलेला पापुद्रा आपोआप मागे सरकायला हवा होता. ओढ पार बंद केली तरी तो काचेला चिकटून ढिम्म राहिला. दादाचा चेहरा उतरला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसलं.

सर मात्र जराही गोंधळले नाहीत. त्यांनी हात लांब करून स्क्रीन बंद केली.

"चला, चहा गार होतोय," ते म्हणाले. मग दारातून तिच्याकडे वळून, "आणि यापुढे ते पाणी वापरत जाऊ नकोस. उगाच आकडा खाली येतो."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं आणि तरी तिचाच हात कच्चा. तिने स्क्रीन पुन्हा चालू केली.

"दादा, परत मोजायचं का?"

सरांच्या मागे निघालेला दादा उंबऱ्याशी थांबला. मग परत आला आणि सरांकडे न पाहता खुर्ची ओढून बसला.