पाचवं नाव

प्रत्येक घरात एक समजून घेणारं माणूस असतं. पाहुणे वाढले की अंथरूण त्याचं हॉलमध्ये पडतं, आणि फोटोत दाटी झाली की फोटो काढायलाही तेच. त्याला कोणी विचारत नाही. विचारायचं काय, घरचंच तर आहे! आपल्या या गोष्टीतलं असं माणूस म्हणजे मावशी.

मावशी एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती. तीस वर्षं तिने वॉर्डात काढली होती. तिचा भाचा रुग्णालयांसाठी स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीत कामाला. स्क्रीनवर प्रत्येक खाटेची एक चौकट असायची. रुग्ण ठीक असेल तर हिरवी, बिघडला असेल तर लाल.

आकडे चित्रांतून कसे दाखवावेत, यावर दरवर्षी एक मोठी परिषद भरते. भाच्याने एका वर्षी ट्युटोरियलचा, म्हणजे शिकवण्याच्या तासाचा, प्रस्ताव पाठवला, दुसऱ्या वर्षी पॅनेलवरच्या चर्चेचा. दोन्ही साभार परत आले. समितीचा शेरा एकच होता: "सगळे तक्ते काढणारेच दिसतात. तक्ते वाचणारं कोणी आहे का?" तिसऱ्या वर्षी तर नियमच आला की पॅनेलवर रोज तक्ता वापरणारी एक व्यक्ती हवीच. मग भाच्याला मावशी आठवली.

"मी?" मावशी हसली. "अरे, तिथे सगळे विद्वान. मी काय बोलणार?"

"स्क्रीनचा तुला काय त्रास होतो, तेवढंच सांग."

मावशीने हातातला कप खाली ठेवला. "त्रास एकच. गडबडीत एखाद्याचा ताप बघायचा राहिला, नोंदच झाली नाही, तरी त्याची चौकट आपली हिरवी! एका आजोबांकडे दुपारभर कोणी गेलंच नव्हतं. मी चादर बदलायला गेले, अंगाला हात लागला, तर चटका बसला. स्क्रीन म्हणतोय, सगळं ठीक!"

भाच्याने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. प्रस्तावात पाच नावं गेली. एक प्राध्यापक, एक वृत्तपत्राचे संपादक, भाच्याचे साहेब, सूत्रसंचालक म्हणून तो स्वतः, आणि पाचवी मावशी. महिन्याभरात मंजुरी आली. त्यात लिहिलं होतं: "सिस्टरांचा मुद्दा हा या चर्चेचा प्राण आहे."

मावशीला आभाळ ठेंगणं झालं. तिने भाषण वहीत लिहून काढलं, फोनवरून धाकट्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, चारदा ऐकवलं. नाडी मोजायच्या घड्याळावर वेळ लावली. बरोबर आठ मिनिटं! तीन सिस्टरांनी तिच्यासाठी आपल्या पाळ्या बदलल्या.

आणि परिषदेने चर्चेच्या दीड तासाचा एक तास केला. वक्ते चारच ठेवा, असं कळवलं. आता कोणाचं नाव कापायचं? प्राध्यापक रुसले असते, संपादक पुन्हा फिरकले नसते, आणि साहेबांचं नाव कापणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. भाच्याने फार विचार केला नाही. मावशी काय, घरचीच, समजून घेईल! पाचवं नाव गेलं, आणि घाईत समितीच्याही ते लक्षात आलं नाही. मुद्दा मात्र तसाच राहिला. तो आता भाचा स्वतः मांडणार होता. मावशीला फोन करायचा तेवढा उद्यावर राहिला, आणि तो उद्या काही उगवला नाही.

वॉर्डात हेड सिस्टरने मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका उघडली. "या गं सगळ्या, बघू आपल्या वक्त्यांचं नाव!" सगळ्या गोळा झाल्या. नावं चारच होती. खाली मावशीचे शब्द जसेच्या तसे छापले होते, भाच्याच्या नावाने.

"छापताना चुकलं असेल," हेड सिस्टर हळूच म्हणाली.

"हो, चुकलंच असेल," मावशी म्हणाली आणि सलाइन बदलायला निघून गेली. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या तरी देतं. आपल्याच माणसाने फसवलं की आधी त्याचीच बाजू सांभाळत बसतं. त्या दिवशी तिने रजा रद्द केली आणि तिघींना आपापल्या पाळ्या परत दिल्या. भाच्याला एका शब्दाने विचारलं नाही.

रविवारी भाचा जेवायला आला, तेव्हा आईला हेड सिस्टरकडून सगळं कळलं होतं.

"ताईला सांगितलंस?"

"कळलं असेलच तिला. रागावली असती तर फोन केला असता ना? काही बोलली नाही, म्हणजे..."

"म्हणजे नोंद नाही, म्हणून चौकट हिरवी!" आई उसळली. "हेच बोलणार आहेस ना तिथे उभा राहून?"

भाच्याने घास पानात ठेवला.

"अगं, वेळ त्यांनी कमी केला, मी काय करू?"

"वेळ त्यांनी कमी केला, नाव तू कापलंस! तिचे शब्द ठेवलेस आणि तेवढं तिला बाहेर काढलंस. जो समजून घेतो, त्यालाच दरवेळी खाली बसवायचं? बाकीच्यांची तुला भीती वाटली. हिच्या चांगुलपणाचा तू फायदा घेतलास."

अरेरे, केवढं खरं होतं ते! भाचा पानावरून उठला. त्याने समितीला सगळं खरं लिहून पाठवलं, आणि आपलं नाव काढून मावशीचं घाला, अशी विनंती केली. साहेब संतापले. समितीचं उत्तर त्याहून कडक होतं: "नियमाने हे पॅनेल रद्दच व्हायला हवं. सिस्टरांनी स्वतः होकार दिला, तरच ठेवू."

भाचा मावशीच्या दारात उभा राहिला. "चुकलो, मावशी. येशील का?"

मावशीने त्याला आत बसवलं. मग म्हणाली, "तू आधी विचारलं असतंस, तर मी हसत बाजूला झाले असते. पण विचारलंच नाहीस, ते फार लागलं मला. ऐक, मी समजून घेते ते माझ्या मनाने. तो तुझा हक्क नाही."

"नाही," भाचा मान खाली घालून म्हणाला.

"येईन मी. बोलायचं आहे मला."

मावशी बोलली. भाचा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. टाळ्या थांबल्यावर लोकांनी तिला गराडा घातला. कोणीतरी विचारलं, "तुम्हाला इथे कोणी आणलं?" तिने भाच्याकडे एकदा पाहिलं. "मी माझी आले," ती म्हणाली. भाच्याला ते झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं.

वाचकहो, तुमच्याही घरात, कचेरीत असं एखादं समजून घेणारं माणूस असेल. त्याला गृहीत धरणं हीसुद्धा फसवणूकच आहे. पुढच्या वेळी त्याचं नाव कापण्याआधी त्याला विचारा. आणि ते "नाही" म्हणालं, तर या वेळी तुम्ही समजून घ्या.