किल्ल्यांचा जुडगा

उत्कर्षा यायची तेव्हा आधी जुडगा वाजायचा, मग ती दिसायची. आम्ही इंदापूर तालुक्यात घरोघर जाऊन मन खचलेल्या माणसांशी बोलतो. कुणी जिवाचं बरंवाईट करील अशी भीती असली, की त्या घरातलं फवारणीचं औषध पेटीत बंद करतो आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगतो. उत्कर्षाचा शेजाऱ्यांवर भरवसा नव्हता. सगळ्या घरांच्या किल्ल्या ती स्वतःच्या कमरेला लावून फिरायची. साऱ्या तालुक्याची सासूबाई म्हणून मी तिला चिडवायची.

शुक्रवारी बारामतीच्या कार्यालयात आम्हा समुपदेशकांची बैठक असते. तिथं रुग्णांचं नाही, आपल्या मनात काय साचलंय ते बोलायचं. नाहीतर लोकांची दुःखं ऐकून ऐकून माणूस आतून बधिर होतं. उत्कर्षाची पाळी आली की ती चहा टाकायला उठायची. चहा फक्कड करायची, म्हणून आम्हीही उठू द्यायचो. मला तिचा राग यायचा आणि चहा प्यायल्यावर जायचा.

गेल्या शुक्रवारी ती आली ती जुडगा न वाजवता. चेहरा निवांत, हसरा. गेले काही महिने ती ओढलेली, मिटलेली असायची; सगळ्या म्हणाल्या, सावरली एकदाची. मलाही हायसं वाटलं.

आज निमगाव केतकीच्या बाजारात छबूबाई भेटली. तिच्या लेकासाठी उत्कर्षा त्यांच्या घरी जायची.

"ताईंनी पेटीची किल्ली माघारी दिली बघा," छबूबाई म्हणाली. "म्हणल्या, आता तुमचं तुमी सांभाळा."

पलीकडे भाजी विकणाऱ्या सोनबालाही उत्कर्षानं तसंच सांगून त्याच्या घरची किल्ली दिली होती.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस एकाएकी शांत झालं, ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायला लागलं, की सावध व्हा, हे गावोगाव आम्हीच सांगत फिरतो. दिव्याखाली अंधार तो हा. फोन लावला, तिनं उचलला नाही. दोघांनाही किल्ल्या शेजाऱ्यांकडे ठेवायला बजावलं आणि स्कूटी तिच्या गावाकडे, कळसला काढली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. रोजचाच रस्ता, पण आज मला त्याची भीती वाटत होती.

तिच्या सासूबाई, लीलाबाई, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. "लई दिसांनी हसतीया पोरगी," त्या कौतुकानं म्हणाल्या. "सकाळपास्नं समदं घर आवरतीया."

मी चपलांसकट आत शिरले.

उत्कर्षा मागच्या खोलीत होती. डाळिंबावर फवारायच्या औषधाच्या पेटीवर बसलेली. पेटीला कुलूप होतं. कमरेला एकच किल्ली उरली होती.

मी काही समजावलं नाही. नुसता हात पुढं केला. "किल्ली दे, उत्कर्षा."

तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं. मग किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"माझ्याकडं कुणी मागंल असं वाटलं नव्हतं, सुकन्याताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

थोड्या वेळानं डोळे पुसत उठली. चहा टाकते म्हणाली. मी तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.