धाकट्या भावाचं कडवं

सुमंगलाकाकींनी पिशवीतून तांदळाचा डबा काढला आणि डिचोलीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, चक्क काउंटरवर, पालथा केला. तांदळातून एक जुनी हार्ड डिस्क बाहेर पडली.

"दमट लागा नये म्हणान तांदळात ठेवललंय," काकी म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. भिजलेला मोबाइल तांदळात घालायचा हे कळल्यापासून काकींच्या आमोणे गावातल्या बायकांनी आणखी काय काय तांदळात पुरलंय, देव जाणे.

पण प्रकरण गंभीर होतं. पुढच्या आठवड्यात ढालो, म्हणजे बायकांची रात्रीची गाणी आणि नाच, सुरू होणार, आणि गाण्यातलं धाकट्या भावाचं कडवं काकींनी मनानेच रचलंय म्हणून बायकांनी ते गाळायचं ठरवलं होतं. जन्मभर मांडावर, ढालोच्या अंगणात, गायलेल्या बाईला खोटं पाडायचं म्हणजे काय! काकींच्या मुलाने पूर्वी ढालो रेकॉर्ड केले होते, ते या डिस्कवर होते. खात्री करायला विरोधी पक्षाच्या गंगाकाकी सोबत आल्या होत्या.

"असा कडवा आमी कधी म्हटलाच नाय," बसता बसताच त्यांनी सांगून टाकलं.

डिस्क केबलला जोडली. ती फिरायला लागली, पण स्क्रीनवर काही दिसेना. केबल बदलली, तरी नाही. काढून पाहते तर मागच्या पिनांत तांदळाचा कोंडा गच्च बसलेला. ब्रशने साफ करून पुन्हा जोडली. तरीही नाही. गंगाकाकी गालात हसल्या आणि माझं डोकंच फिरलं.

मग पिनांशेजारची इवलीशी काळी टोपी दिसली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क असल्या की पहिली कुठली, दुसरी कुठली हे त्या टोपीच्या जागेवरून ठरायचं. ही दुसरी म्हणून लावलेली, आणि माझी केबल फक्त पहिलीला ओळखते! वीज बंद केली, चिमट्याने टोपी उचलून पहिलीच्या जागी खोचली.

डिस्क दिसली. मी आनंदाने ओरडलेच.

गाणं लावलं, आवाज मोठा केला. थोरला भाऊ झाला, मधला झाला आणि धाकट्याचं कडवं आलं, काकी सांगत होत्या तसंच, शब्दाला शब्द. काकींनी डोळ्यांना पदर लावला.

"ता हिनाच मदी घुसडल्यान," गंगाकाकी म्हणाल्या. पण कडवं उचलणारा, सगळ्यांआधी सुरू करणारा खणखणीत आवाज सुमंगलाकाकींचा नव्हताच.

"ह्यो आवाज कोणाचो गे, गंगा?" सुमंगलाकाकींनी विचारलं.

गंगाकाकींनी कान देऊन ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"माजोच," त्या म्हणाल्या. "परत लाव गे बाय. यंदाय मीच उचलतलंय."